पाटी दिसता कामा नये

आमच्या क्लबाचा नियम एकच:
फोटोत पाटी दिसता कामा नये.
दुकानाची नाही, शाळेची नाही,
मैलाच्या दगडावरची तर नाहीच.
पाटी वाचून जागा कुणीही सांगेल,
आणि आमच्याकडं पाटी आली की जागा राहते बाजूला,
भाषेवरच रात्र सरते.

म्हणून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
टिळकवाडीत, हलभावींच्या चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
पडद्यावर येतात बिनपाटीची गावं.
ओळखा.

मी बत्तीस वर्षं टपाल वाटलंय.
'मारुतीच्या देवळामागं, आक्काला मिळे'
एवढ्या पत्त्यावर कडोलीत मनिऑर्डर पोचवलीय.
मला अर्धी भिंत पुरते.
तांबडी माती, शेवाळलेला चिरा: खानापूर सोडलं, जांबोटी यायचीय.
काळं रान, बांधावर बाभळ: तुम्ही बैलहोंगलकडं वळलात.
वखारीचा पत्रा तंबाखूनं असा काळवंडतो तो निपाणीतच.
सात महिने मी दंड भरला नव्हता.
दंड म्हणजे सगळ्यांना चहा आणि अर्धा किलो कुंदा.
"पोस्टमन, तुम्ही घरीच बसा की," इराण्णा अंगडी म्हणायचा,
"आम्हाला पण जिंकू दे एकदा."

त्या रविवारी तनुजा बसरीकट्टीचा फोटो आला.
नवी पोर, पॉलिटेक्निकात शिकते.
नुसती भिंत.
चुन्यावर चुना, त्यावर निळा, निळ्याचे पापुद्रे,
मधोमध एक फिकट चौकोन,
चौकोनाच्या कोपऱ्यांत चार भोकं,
खालच्या दोघांतून गंजाचे ओघळ.

"विजेचा मीटर होता."
"छे, रेशन दुकानाचा फळा."
"पाटीच उपटलीय कुणीतरी," इराण्णा म्हणाला.
"कुठल्या भाषेतली?" जिनप्पा चौगुल्यानं विचारलं.
सगळे हसले,
आणि मग जरा वेळ
पंख्याचाच आवाज.

मला पहिल्या नजरेतच कळलं होतं.
खालचं डावं भोक बोटभर वर आहे.
तिथं विटेत खिळा शिरेना, गवंड्यानं जागा बदलली,
शिडी मी धरली होती.
पेटी तिरकी बसली ती शेवटपर्यंत.
सकाळी नऊ पंचावन्न, दुपारी सव्वाचार.
दाराला गुडघा लावल्याशिवाय कुलूप निघायचं नाही.
आत कार्डं, धारवाडला, गडहिंग्लजला, सौंदत्तीला,
एकदा सरडा,
एकदा कुणाच्या तरी घराची किल्ली.
आठ दिवस विचारत हिंडलो.
ती अजून माझ्याकडंच आहे.

"हां, पोस्टमन?" हलभावींनी दिवा लावायला हात नेला.
गावाचं नाव जिभेवर होतं.
सांगितलं असतं तर टाळ्या,
आणि पुढची भिंत.

मी म्हणालो, "गोत्तिल्ला."
कानडीतच म्हणालो.
मराठीत ते खोटं वाटलं असतं.

मग फोटो वीस मिनिटं तसाच राहिला पडद्यावर.
फिलोमिना टीचर चष्मा पुसून अगदी जवळ गेल्या,
भोकं मोजली, पुन्हा मोजली.
जिनप्पानं मान वाकडी करून बघितलं.
पेटी होती तेव्हा
तिच्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.
मीसुद्धा.

"कंग्राळी बुद्रुक," शेवटी तनुजा म्हणाली,
"चावडीची मागची बाजू.
पण इथं काय होतं, ते मला पण माहीत नाही हं."
मी चपला शोधू लागलो.

खाली कुंद्याच्या दुकानात गर्दी.
"आज तुम्ही कसं काय?"
"हरलो."
पोरानं अर्धा किलो तोलला, वर बोटभर जास्त घातला,
डबा दोऱ्यानं बांधून दिला.
झाकणावर दुकानाचं नाव तीन भाषांत.
जिना चढताना
मी ती बाजू छातीकडं धरली.