एकच रेघ

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
एकशे अठरा नंबरच्या गाळ्यावर मी पट्ट्या लिहिते.
गोणी, वजन, भाव, तोलाई, हमाली, वाराई.
निळी शाई, खाली कार्बन,
तळाशी दर वेळी तेच : चू. भू. द्या. घ्या.
दिवसाला साठ-सत्तर पट्ट्या.
एकदाही हात अडला नाही.

हात अडतो तो घरी,
कोपरखैरण्याला, सिडकोच्या एका खोलीत,
शिलाई मशीनच्या फळीवर वही उघडली की.
एक ओळ लिहिते. वाचते.
शेजारच्या बाईनं उंबऱ्यात उभं राहून
आपलं न आवरलेलं घर बघावं
तसं होतं.
पान फाडते.

शिवलेल्या वहीचं एक असतं :
पुढचं पान फाडलं
की मागचं त्याचं जोडपान सुटतं,
कोरं,
ज्यानं अजून काहीच केलेलं नसतं.
शंभर पानांची वही होती. बावन्न उरली.
रेवती विचारते, आई, तू लिहितेस
की वही बारीक करतेस?

ज्यांची पुस्तकं निघतात
त्यांच्या बोटांना कांद्याचा वास येत नसणार,
असं मला उगाच वाटतं.
लिंबू चोळते, राख चोळते.
जात नाही.

गेल्या मंगळवारी सहाशे एकवीसच्या जागी
सहाशे बारा गोणी मांडल्या.
कुणी बघत नव्हतं.
हाताच्या सवयीनं रोजकीर्दीचं पान फाडलं
आणि सालपटांच्या ढिगात टाकलं.

दुपारी ढमढेरे काकांना
चव्वेचाळीसनंतर एकदम सत्तेचाळीस सापडलं.
ओरडले नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवला.
"पान गेलं की अख्ख्या वहीवरचा विश्वास जातो, पोरी.
चुकलं तर एकच रेघ मारायची.
खालचा आकडा वाचता आला पाहिजे.
वर बरोबर लिही, बाजूला सही कर. झालं."

मग पोटमाळ्यावरून त्यांनी
एक्क्याण्णव सालची वही काढली,
लाल कापडाची, कोपरे झुरळांनी खाल्लेली.
एका पानावर अकरा रेघा.
अकरा वेळा ह. ढ.
आणि समासात, मुंगीएवढ्या अक्षरात :
"पहाटे मुलगी झाली. लक्ष नव्हते."

काका ते विसरले होते.
वाचून हसले,
चहा सांगायला म्हणून गेले
आणि बराच वेळ आलेच नाहीत.
मी वही चाळत राहिले.
वर्षभराच्या जमाखर्चात
वाचण्यासारखं तेवढंच होतं
आणि ते चुकीच्या शेजारी होतं.

रात्री आधी पानांना आकडे घातले,
एक ते बावन्न.
आता एक जरी गेलं तरी कळेल,
निदान रेवतीला.
मग लिहिलं :
बाजार उठल्यावर गाळा रिकाम्या हंड्यासारखा वाजतो.
वाजत नाही. खोटं आहे.
एक रेघ.
वर लिहिलं :
बाजार उठल्यावर माणसं हळू बोलतात.
बाजूला सही केली.
हात कापला. पट्टीवर कधी कापत नाही.

उंबऱ्यातली बाई गेली नव्हती.
तिला म्हटलं, आलीच आहेस तर बस,
तेवढे मशीनवरचे कपडे बाजूला सार.
बसली. तोंड सुरूच होतं तिचं.
मी लिहीत होते.

दीड पान. चौदा रेघा.
तळाशी न कळत चू. भू. द्या. घ्या. पडलं,
ते खोडलं नाही.

साडेतीनचा गजर झाला
तेव्हा शेवटून तिसरी ओळ अजून लंगडत होती.
तिला तशीच ठेवून निघाले.
आज बाजार उठेपर्यंत थांबायचं आहे.
माणसं खरंच हळू बोलतात का,
ऐकायचं आहे.