समासातली रेघ

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात
कूलरची खस वाळत आलेली.
हनोख किहीमकर, छापखान्यातून निवृत्त,
पेन्सिल कानावर, सांगत होते :

अलेक्झांड्रियात ग्रीक पंडित
संशय आला की ओळीशेजारी
आडवी रेघ मारायचे. खोडायचे नाहीत.
त्या रेघेचं नाव सळई.
शेजारच्याच गल्लीत आमचे लोक.
प्रश्न विचारायला तिथं शिकले :
हा शब्द दोनदा का?
सळई मात्र उचलली नाही.
देव उगाच बोलत नाही, म्हणाले,
अन् जादा शब्दाखाली विहीर खणली.

मग थांबले. कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं.
बायकोचं पत्र काढलं, मेयोच्या वॉर्डातून आलेलं.
‘मी बरी आहे. बरी आहे.’

पेन्सिल कानावरच राहिली.