कच्ची भरणी

सेलूत, स्टेशन रोडला, जिन्याखालच्या दवाखान्यात
डॉ. तहसीन काचेवर पांढरी पूड घोटतात.
लवंगतेलाचा थेंब, पुन्हा थेंब.
वास मसाल्याच्या डब्याचा.

"नस निजवते ही, सर. चावायचं काम हिचं नाही.
लाळेनंच घट्ट होईल, तासभर खाऊ नका.
निघून पोटात गेली तरी घाबरू नका.
पंधरा दिवसांत मात्र या.
कच्ची आहे, कडेनं पाणी शिरतं
आणि कळतही नाही."

मी मान हलवतो, तोंड उघडंच.
कॉलेजात मी तासिका तत्त्वावर. अकरावं वर्ष.
मला कुणी तारीख दिली नाही.

दीड महिना झाला.
रूट कॅनॉलचे पैसे मार्चच्या बिलात अडकलेत.
डावीकडून भाकर चावतो,
जीभ सारखी उजवीकडं जाऊन बघते,
आहे अजून.