तीन पिना

ती आली तेव्हा साडेअकराची पुसद गाडी नुकतीच गेली होती,
धूळ अजून शटरच्या उंचीवर तरंगत होती.
सोबत मामा. हातात वहीचं फाडलेलं पान,
पानावर यादी: माउस, बॅग, कुलिंग पॅड,
हेडफोन, कीबोर्डचं कव्हर.
आणि खाली, दोनदा गिरवून, एकूण दोन हजार.
त्याखाली रेघ. रेघेखाली काही नाही.

मी आधी लाल-निळा उजेड फेकणारा माउस काढला.
शेठनं सांगून ठेवलंय, उजेड आधी दाखवायचा.
मामा म्हणाला, "हे तं मंडपातल्या झालरीवानी दिसते."
तिनं माउस उलटा केला, किंमत वाचली,
आणि ठेवून दिला
दुसऱ्याच्या घरचं भांडं ठेवतात तसा, आवाज न करता.
मग काळा, तीनशेचा, वायरवाला.
तो तिच्या मुठीत बसला. मी पुढं काही दाखवलं नाही.

"कोन्तं कॉलेज?"
"अमरावती. होस्टेल भेटलं."
"रूममंदी किती जनी?"
"चौघी."
मग हेडफोन घेच, म्हटलं, पण साधा.
बिनवायरीचे ते दाणे गादीत हरवतात,
एक हरवला की दुसरा
नुसता तुरीचा दाणा, तोही न शिजणारा.

कुलिंग पॅड मी विकला नाही.
साडेसातशेचा पंखा. मे महिन्यात आमच्याकडं
तो गरम हवेनं गरम हवेलाच ढकलतो.
"दोन कडांना दोन जाड पुस्तकं ठेवजो,
वर लॅपटॉप. गादीवर नको मांडू फक्त."
शेठ पेपराआडून खोकला.

कव्हर मात्र घ्यायला लावलं.
तालुक्यात जिनिंग तीन,
दिवाळीनंतर हवेतच सरकी उडते.
मी उघडलेत लॅपटॉप, सहा वर्षांत शंभरेक,
पंख्याच्या पात्यांत अडकलेला कापूस
चिमटीनं ओढला की वातीसारखा लांबत येतो.
"तुमचा कोन्ता लॅपटॉप?" तिनं विचारलं.
"मी विकतो," म्हटलं,
आणि बॅगा काढायला स्टुलावर चढलो.

तिचा लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात होता.
जुना, कुठल्यातरी कंपनीतून निघालेला,
झाकणावर खरवडलेल्या स्टिकरचा चौकोन.
तो करड्या बॅगेत घालून तिनं पट्टे ओढले,
दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली,
बॅग पाठीवरून मांडीवर घेतली
जशी गर्दीच्या एसटीत घ्यावी लागते,
आणि हनुवटी तिच्यावर टेकवून पाहिली.
मामा तोवर दुसऱ्या बॅगेची चेन लावत-काढत होता.
अकराव्या वेळी ती अडकली.
"हे नाई," तो म्हणाला. करडीच ठरली.

बिल करताना चार्जर हातात आला. तीन जाड पिना.
"घरी बोर्डाले भोकं किती?"
ती मामाकडं बघायला लागली, मामा छताकडं,
जणू घरचा बोर्ड तिथंच लावलाय.
"दोनच असन."
तीनाचे दोन करणारी पिन मिळते, पंचवीस रुपयांना.
बरणीभर पडल्यात.
पण तिसरी पिन जाते कुठं,
हे कुणी विचारत नाही.
मग पत्र्याच्या झाकणाला हात लागला
की मनगटापर्यंत मुंग्या येतात,
पोरं म्हणतात, लॅपटॉप चावते.

मी सांगितलं: तिसरी पिन जमिनीत जाते.
खड्डा, त्यात लोखंडी पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा,
वायर वर आणायची, वायरमननं जोडायची,
आणि खड्ड्यावर अधूनमधून पाणी टाकायचं.
मामाचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला.
दुकानात शिरल्यापासून त्याला कळणारी
ही पहिलीच वस्तू होती.
"किती खोल लागते?"
मी हात छातीशी धरला.
"हे आपल्या हातचं काम हाय," तो म्हणाला,
आणि माझ्या हाताची उंची
स्वतःच्या सदऱ्याच्या बटणावर मोजून ठेवली.

बिल समता इंगळे या नावानं. सतराशे चाळीस.
तिनं उरलेले पैसे दोनदा मोजले,
माझाच पेन मागून घेतला,
आणि रेघेखाली लिहिलं:
मीठ, पाच किलो. कोळसा घरी आहे.