सुटी केबल

डेमिंगच्या बाहेर, जिथं वारा
सकाळी नऊलाच धूळ घेऊन कामावर येतो,
तिथं अठ्ठावीस नंबरच्या जागेवर
ट्वेट नवरा-बायको गाडीच्या कुशीला भोक पाडतायत.

गाडी म्हणजे घरच. सव्वीस फुटी,
शेगडी, पलंग, न्हाणी, सगळं हाताच्या अंतरावर.
सत्तावीस वर्षं तिची विजेची केबल तिच्या पोटात:
एक टोक आत कायमचं जखडलेलं,
दुसरं उंदराएवढ्या झाकणातून ओढायचं,
पार्कातल्या खांबाला लावायचं
आणि निघताना वीत वीत आत कोंबायचं,
थंडीनं ताठलेलं.
अजगराला पिशवीत भरावं
आणि त्यानं ऐकू नये, तसं.

ऑरिनची बोटं आता धड मिटत नाहीत.
साखरेच्या बीटचे ट्रक हाकले त्यानं,
नॉर्थ डकोटात, तेही बर्फात.
लव्हॉन म्हणाली, पुरे झालं.
तिनं मागवलं एक गोल तोंड,
पितळी दातांचं, स्प्रिंगच्या झाकणाचं.
बाहेरून केबल खुपसायची, पिळायची, कडी आवळायची.
निघताना काढून घ्यायची. सुटी.

गोल करवत युसेबिओची.
हर्लीच्या तांब्याच्या खाणीत एकोणतीस वर्षं वायरमन.
तो घडीची खुर्ची घेऊन आला,
हात लावणार नाही म्हणाला,
फक्त "खांबावरचं बटण पाड आधी"
हे तीनदा म्हणाला.
बटण पाडलं. तरी लव्हॉननं मीटर लावला.
शून्य.
परत लावला.
शून्यावर विश्वास बसायला दोनदा बघावं लागतं.

आतला जुना डबा उघडला, तर
एक स्क्रू सैल, आणि त्याच्याभोवती
करपलेल्या पाकाचा असतो तसला तपकिरी डाग.
"यावर झोपलात एवढे दिवस,"
युसेबिओ म्हणाला, आणि टोपी काढून
परत घातली.

ऑरिन सांगत होता, ती करत होती.
"काळी तार जिवंत. पांढरी परतीची.
हिरवी जमिनीची. तिला काहीच काम नसतं
जोवर काही बिघडत नाही."
अगदी बिनचूक सांगितलं.
मग थोड्या वेळानं पुन्हा.
मग पुन्हा, पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहानं.
लव्हॉन दर वेळी "हं" म्हणाली
आणि पेचकस पाव फेरी आणखी फिरवला.
युसेबिओ डोंगराकडे बघत राहिला.

कडेनं चिकट पट्टी, चार स्क्रू, वरून थोडं सिलिकॉन,
तेही बोटानं पुसलेलं, वाकडं.
खांबाचं बटण वर.
तपासणीच्या प्लगात दोन पिवळे दिवे लागले,
लाल नाही.
फ्रिज खाकरला,
मायक्रोवेव्हचं घड्याळ बारा बारा म्हणत मिचकावू लागलं.

मग तिला सुचलं ते
खोक्यातल्या कागदावर छापलेलं नव्हतं.
ही केबल आजवर विसरता येत नव्हती.
विसरली, तर तीच गाडीला धरून ठेवायची:
एकदा बिलिंग्जला खांबच वाकवला ऑरिननं,
आख्खा पार्क मोज्यांवर बाहेर आला होता,
आणि तो हसला होता,
कारण तेव्हा ते एकदाच झालं होतं.
आता गाडी निघून जाईल गुपचूप
आणि केबल राहील खांबापाशी,
बाभळीसारख्या त्या काटेरी झुडपाखाली,
कुणाला हाक न मारता.

तिनं पांढरी चिकटपट्टी फाडली,
स्टिअरिंगच्या मधोमध लावली,
लिहिलं: केबल.
विचार करून लिहिलं: पायरी.
खाली बरीच जागा मोकळी ठेवली.

ऑरिन कॉफी घेऊन आला, बशीत थोडी सांडलेली.
भोकातून निघालेली फायबरची चकती
त्यानं खिशात ठेवली होती, ती काढून दाखवली.
"तुला काळ्या तारेचं सांगितलं का मी?"

लव्हॉननं कप घेतला.
"सांग," ती म्हणाली.