धावदोरा

ही घालायची असते की नेसायची,
इथूनच माझी पंचाईत.
शिवलेली आहे, म्हणजे घालायची.
बटण नाही, नाडी नाही, नुसत्या पट्ट्यावर तोलायची,
म्हणजे नेसायचीच.
फुसाए सुगिमोरीबाईंना दोन्हीसाठी एकच क्रियापद पुरतं.

दुकानाबाहेरच्या पाटात त्यांनी काकड्या गार करायला सोडल्यात.
दाराला निळा पडदा, आत कुरकुरणारा पंखा,
आणि मी, सेकीच्या कारखान्यात साचे बनवणारा,
सुट्टीच्या दिवशी एका डब्याच्या गाडीतून हाचिमानला आलेला,
सहा फूट एक इंच.

रात्रवर्गात घोटून आणलेलं वाक्य मी म्हटलं:
परक्या माणसाला युकाता शोभेल का?

शोभेल म्हणजे, चालेल ना,
न विचारता कुणाच्या माजघरात शिरल्यासारखं
होणार नाही ना,
सगळं त्या एका शब्दात कोंबलेलं.
बाई माझ्या मनगटाकडे बघत होत्या.
"बाही दोन बोटं आखूड पडेल."

मग बांबूची पट्टी निघाली.
कापडाच्या या मापाचं नाव देवमासा.
पूर्वी म्हणे त्याच्याच जबड्यातल्या लवचीक पात्याची करत.
मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत
देवमासा दोनदा पोहत गेला
आणि बाईंनी आकडा कॅलेंडरच्या पाठीवर टिपला.

मला गारवेलीची फुलं आवडली होती.
ती बायकांची.
मग हे चतुर?
"घ्या. चतुर मागे उडत नाही."
पण चतुर माझ्या पोटरीवरच संपले.

शेवटी माळ्यावरून एक पुडकं उतरलं.
विजेच्या तारा ओढणारा कुणी हिराबे,
माझ्याएवढाच ताडमाड,
माप देऊन गेला, दोन हजार येन आगाऊही,
आणि एकोणीस वर्षं फिरकला नाही.
नीळ अजून बोटाला लागत होती.
बाईंनी मणी सरकवले, नऊ हजार,
त्यातून हिराबेचे दोन वजा केले
आणि माझ्याकडे सात मागितले.
मी म्हटलं, अहो, पण ते त्यांचे.
"कापडाचे," बाई म्हणाल्या.

आरशात बघून मी डावी बाजू आत घेतली, उजवी वर,
आणि आरशासमोर उभ्या उभ्या मेलो.
तसं फक्त प्रेताला नेसवतात.
बाईंनी जीभ चावली, माझे दोन्ही हात धरले,
बाजू पालटल्या,
आणि मला काहीही न विचारता जिवंत केलं.
मग पट्टा बेंबीखाली ओढून
सुटलेल्या पोटावर समाधानाने थाप मारली.
"हे बरं आहे. सपाट पुरुषाला टॉवेल बांधावा लागतो."
एवढी वर्षं हे पोट
कुणाच्या तरी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

निघताना बजावलं:
बाहीच्या, गळ्याच्या कडेला पांढरा धावदोरा आहे,
तो उसवून मगच नाचायला जा.
इथे धावदोऱ्याला आणि मुलांना लावायच्या वळणाला
शब्द एकच.
घडी बसली की दोरा काढायचा,
ठेवला तर लोक हसतात.

मी काढला. म्हणजे, मला दिसला तेवढा.

रात्री नदीकाठी ढोल, बासरी,
लाकडी खडावांचा डांबरावर खडखडाट.
रिंगण पुढेच सरकतं, त्यात मागे वळता येत नाही.
पाऊल चुकलं की चुकलेलंच घेऊन पुढे.
माझा डावा हात सगळ्यांच्या उजव्याशी भांडत होता,
आणि सकाळपासून जपलेला तो प्रश्न
मी घामात कुठेतरी पाडला असावा.

तेवढ्यात मानेमागे बारीकसा हिसका.
गळ्यापासून पाठीपर्यंत काहीतरी
सरसरत निघून गेलं.
मी वळलो नाही.
रिंगणाने कोपरा घेतला तेव्हा तिरपं पाहिलं:
दहाएक वर्षांचा पोरगा, गालात बर्फाचा खडा,
पाय बरोबर तालात,
आणि तर्जनीला गुंडाळत चाललेला
हातभर पांढरा दोरा.