जागं कोण होतं

नारीनजवळच्या आमच्या शाळेत पुस्तकं कमी होती,
म्हणून एका बाकावर एकच ठेवलं मी पहिल्यांदा.
पुढे पेट्या भरून आली. ती कपाटात आहेत.
आता मुद्दामच एक देते.

नियम एवढाच:
एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अडवायचं.
होला हो करणाऱ्यानं
उठून शेगडीत कोळसा घालायचा.

आज खिडकीच्या बाकावर आइझिरेक आणि तिलेक.
काचांच्या फटीत कापूस कोंबलेला,
तरी वारा आत येऊन पान उलटू बघतो.
धडा चारच ओळींचा:
मेंढपाळ झोपला.
रात्री लांडगा आला.
सकाळी अकरा मेंढ्या कमी होत्या.
आळसाचं फळ असं असतं.

तिलेक शेवटच्या ओळीवर थांबला. कान लाल.
"खोटं आहे."
"कशावरून?"
"माझे वडील झोपत नाहीत."
"धड्यात तुझे वडील कुठे आहेत?"
"कोणाचे तरी असतीलच ना."

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं.
कुरुतच्या खारट गोळीसारखं
ते गालात धरून ठेवलं, चघळलं नाही.

"लिहिलंय ते वाच," आइझिरेक म्हणाली. "झोपला, असं लिहिलंय."
"कोणी लिहिलं?"
"पुस्तकानं."
"पुस्तक होतं का तिथे, कुरणावर?"

चिडली ती. पुस्तक ओढून घेतलं स्वतःकडे,
ओठ हलवत पुन्हा वाचलं. आणि पुन्हा एकदा,
या वेळी बोट पहिल्या ओळीवरून पुढे सरकेना.
मग तीच, इतका वेळ भांडणारी,
हळूच म्हणाली:
"यात कुत्रा नाही.
याची बायको नाही, मुलगा नाही.
हा एकटाच आहे, आणि झोपलाय.
मग झोपलाय हे बघायला
जागं कोण होतं?"

तिलेकनं बराच विचार केला.
"लांडगा," म्हणाला.

सगळा वर्ग हसला, ते दोघं नाही.
त्यांची डोकी पुन्हा पानावर वाकली,
लांडग्याचं कितपत खरं मानायचं
यावर नव्यानं जुंपली.

दुपारी निरीक्षक आले. दारातूनच पाहिलं,
वहीत लिहिलं: चौथीच्या वर्गात गोंगाट. शिस्त कमी.
वही माझ्यापुढे सरकवली सहीसाठी.
बाजूला कोणी नव्हतं अडवायला.
मी मान डोलावली, सही केली.

ते गेल्यावर उठले,
आणि शेगडीत कोळसा घातला.